डॉकिंगवाल्या जावा सॉफ्टवेअरमध्ये टॅबचा रंग लागत नाही, लागला तर टिकत नाही

कापसाचा सीझन सुरू झाला की हा प्रॉब्लेम हमखास वर येतो, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतो, ज्याले लागलं त्यानं वाचा. आपल्याकडं हिंगणघाट, वणी, राळेगाव या पट्ट्यात जिनिंगमध्ये जी सॉफ्टवेअर चालतात त्यातली कित्येक अजून जावा स्विंगमध्ये (जावातली खिडक्या-बटनं बनवायची सोय) आहेत, अन त्यात काही वाईट नाही, जुन्या कॉम्प्युटरवर नेटशिवाय दिवसभर चालते आणखी काय पाहिजे. मी जे सांभाळतो त्यात काटा, आवक, ग्रेडिंग, पेमेंट, गठाण रजिस्टर अशा खिडक्या आहेत अन त्या डॉकिंगवाल्या आहेत, म्हणजे टॅब धरून ओढला की खिडकी उजवीकडं लावा, खाली लावा, वेगळी काढून दुसऱ्या स्क्रीनवर ठेवा, ज्याची त्याची सोय.

आता दिवाणजींना त्या टॅबला रंग पाहिजे असतो अन त्यांचं बरोबरच आहे. बाहेर गाड्यांची लाईन लागली, शेतकरी खिडकीशी उभे आहेत, तेव्हा टॅबवरची अक्षरं वाचत बसायला कोणाजवळ वेळ आहे? भरलेल्या गाडीचं वजन झालं पण रिकामीचं राहिलं असेल तर काट्याचा टॅब पिवळा, पेमेंट अडकलं असेल तर पेमेंटचा लाल. ग्रेडिंगचं पण तसंच, सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्के ओलावा धरून भाव लागतो आणि १२ च्या वर माल घेत नाहीत, तर मीटरचं रीडिंग ८ च्या वर गेलं की पिवळा, १२ च्या वर गेलं की लाल. मागणी एवढीच, साधी. पण फोन असे येतात:

"भाऊ, काट्यावरच्या कॉम्प्युटरवर रंग दिसते, हापिसातल्यावर काहीच नाही दिसत."

"टॅब दाबला का रंग जाते, दुसऱ्यावर गेलो का वापस येते."

"खिडकी उचलून तिकडं लावली तं पांढरी झाली ना भाऊ."

"कवा येते कवा येत नाही, काही समजूनच नाही रायलं."

वरून पाहिलं तर चारही तक्रारी एकच वाटतात, रंग गेला. पण चारही वेगळे आजार आहेत अन चौघांचं औषध वेगळं. लोक काय करतात, एकच औषध चौघांना पाजतात, म्हणजे सेटबॅकग्राउंडअ‍ॅट (टॅबला रंग द्यायची कमांड) जिथं दिसेल तिथं अजून दोनदा टाकतात. त्यानं काही होत नाही. आधी हे शोधा की टॅब रंगवतं कोण. तुम्ही फक्त सांगता की बाबा पिवळा कर, ब्रश दुसऱ्याच्या हातात असतो, आणि तो दुसरा ऐकतो का नाही हे त्याच्यावर आहे.

(कोडमधली नावं इथं देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना नेहमीच्या स्पेलिंगनं टाइप करा.)

शोधायला दोन ओळी पुरतात. विंडो उघडल्यावर, म्हणजे सगळं लोड झाल्यावर, कुठंतरी एका बटनाखाली टाका:

सिस्टम.आउट.प्रिंटएलएन(यूआयमॅनेजर.गेटलुकअँडफील().गेटनेम());
सिस्टम.आउट.प्रिंटएलएन(टॅब.गेटयूआय().गेटक्लास().गेटनेम());

दुसऱ्या ओळीत जे क्लासचं नाव येईल तोच ब्रशवाला. विंडोज, मेटल, निंबस, फ्लॅटलाफ हे स्विंगचे वेगवेगळे चेहरे, म्हणजे लुक अँड फील, अन टॅब तेच रंगवतात. विंडोजटॅब्डपेनयूआय आलं तर एक गोष्ट, मेटलटॅब्डपेनयूआय आलं तर दुसरी, सिंथटॅब्डपेनयूआय आलं तर बहुतेक निंबस आहे, फ्लॅटटॅब्डपेनयूआय आलं तर तुम्ही सुटले. आणि तुमच्याकडं जेटॅब्डपेन (स्विंगचा स्वतःचा टॅबवाला डबा) सापडतच नसेल, डॉकिंग लायब्ररी टॅब स्वतःच काढत असेल, तर ती वेगळी केस, ती खाली सांगतो.

आता पहिली तक्रार, एका कॉम्प्युटरवर दिसते अन दुसऱ्यावर नाही. यात कॉम्प्युटरचा, ग्राफिक कार्डाचा, व्हायरसचा कशाचाच दोष नाही. जवळपास प्रत्येकाच्या मेनमध्ये ती एक ओळ असते जी सगळ्यांनी एकमेकांकडून उचललेली आहे, यूआयमॅनेजर.सेटलुकअँडफील अन कंसात गेटसिस्टमलुकअँडफीलक्लासनेम. म्हणजे ज्या सिस्टमवर चालेल तिथला चेहरा घे. हापिसात विंडोज आहे तिथं विंडोजचा चेहरा येतो, काट्यावर जुन्या मशीनमध्ये कोणीतरी लिनक्स टाकून दिलेलं असतं तिथं डेस्कटॉपप्रमाणे जीटीके नाहीतर मेटल येते. मेटल तुमचा सेटबॅकग्राउंडअ‍ॅट मानते म्हणून काट्यावर रंग दिसतो. विंडोजवाला चेहरा टॅब काढायला विंडोजच्याच थीमचं चित्र वापरतो, ते चित्र जसंच्या तसं चिकटवतो, अन बॅकग्राउंड रंगवायची पायरीच गाळतो. थीम बंद असेल, जुन्या क्लासिक विंडोजसारखी, तेव्हाच तो रंग भरतो, पण विंडोज १० अन ११ मध्ये थीम बंद करायची सोयच राहिली नाही. म्हणजे तुम्ही शंभरदा सांगा, तो ऐकणारच नाही. एरर पण देत नाही, हीच खरी डोकेदुखी, एरर आली असती तर माणूस तासाभरात कामाला लागला असता.

खात्री करायची असेल तर सेटलुकअँडफीलची ओळ कॉमेंट करा आणि प्रोग्राम असा चालवा: जावा -डीस्विंग.डिफॉल्टएलएएफ=जावाएक्स.स्विंग.प्लॅफ.मेटल.मेटललुकअँडफील -जार जिनिंग.जार. हापिसातल्याच विंडोजवर मेटल चेहरा येईल आणि पिवळा टॅब गुपचूप पिवळा दिसेल. दिसला म्हणजे तुमचा कोड बरोबर आहे, चेहरा आडवा येतो.

यावर तीन रस्ते आहेत. एक, टॅबच्या आत स्वतःचं लेबल बसवायचं, सेटटॅबकॉम्पोनंटअ‍ॅट, हे जावा ६ पासून आहे. लेबलला सेटओपेक ट्रू करायचं आणि बॅकग्राउंड द्यायचं, ओपेक नाही केलं तर रंग दिसतच नाही हे लक्षात ठेवा. यानं विंडोज चेहऱ्यावर पण रंग येतो, पण फक्त अक्षरांमागे चौकोनी पट्टी येते अन कडेनं विंडोजचा पांढरा टॅब दिसतच राहतो, ठिगळ लावल्यावाणी दिसते. आणि यात एक खड्डा आहे ज्यात बरेच जण पडतात, त्या लेबलला टूलटिप लावली की टॅबवर क्लिक होणं बंद. कारण टूलटिप लावली की स्विंग त्या लेबलला माऊसचा लिसनर जोडते, मग क्लिक लेबलच खाऊन टाकते, टॅबपर्यंत जातच नाही. दिवाणजी म्हणतात टॅब अटकला, तुम्ही रंगाचा कोड तपासत बसता आणि खोट टूलटिपमध्ये. टूलटिप पाहिजेच असेल तर टॅबपेनच्या सेटटूलटिपटेक्स्टअ‍ॅटनं द्या.

दुसरा रस्ता, बेसिकटॅब्डपेनयूआय एक्स्टेंड करून पेंटटॅबबॅकग्राउंड स्वतः लिहायचं. पूर्ण ताबा मिळतो, पण मग बॉर्डर, फोकसची रेघ, माऊस वर गेल्यावर काय, बंद टॅब कसा दिसणार, सगळंच आपल्या गळ्यात पडते. ज्याला हौस आहे त्यानं करा.

तिसरा, फ्लॅटलाफ टाकायचं. माझं मत विचाराल तर हेच करा अन मोकळे व्हा. एक जार फाईल, मेनमध्ये एक ओळ, आणि विंडोज असो लिनक्स असो चेहरा सारखा. सेटबॅकग्राउंडअ‍ॅट मानते, निवडलेल्या टॅबखाली जाड रेघ काढते म्हणून रंग दिला तरी कोणता टॅब उघडा आहे ते समजते. माऊस टॅबवर नेला की तेवढ्यापुरता रंग बदलतो, ते टॅब्डपेन.होव्हरकलरमुळे होते, तो बग नाही, उगाच फोन करू नका.

निंबसबद्दल दोनच वाक्यं. तिथं रंग नाही, पेंटर द्यावा लागतो, तोही प्रत्येक अवस्थेसाठी वेगळा, साधा, निवडलेला, माऊस वर असलेला, दाबलेला, फोकसवाला, अन त्यांच्या जोड्या. सोडून द्या.

दुसरी तक्रार, टॅब दाबला की रंग जातो. हे मेटलवर होते आणि तिथं ते मुद्दामच तसं आहे. मेटल न निवडलेल्या टॅबला तुमचा रंग देते, निवडलेल्याला मात्र यूआयमॅनेजरमधल्या टॅब्डपेन.सिलेक्टेड या नावाखाली जो रंग असेल तो देते, सगळ्या टॅबला एकच. तो बदलायचा तर यूआयमॅनेजर.पुट("टॅब्डपेन.सिलेक्टेड", रंग). इथं लोक अटकतात ते वेळेवर. हा रंग टॅबपेन तयार होतानाच वाचला जातो, एकदाच. विंडो उघडून बसली अन मग पुट केलं तर काहीच बदलत नाही. एक तर विंडो बनायच्या आधी पुट करा, नाहीतर नंतर स्विंगयुटिलिटीज.अपडेटकॉम्पोनंटट्रीयूआय(फ्रेम) करा. निवडलेला काट्याचा टॅब पिवळाच पाहिजे आणि निवडलेला पेमेंटचा लालच पाहिजे, असा वेगवेगळा हट्ट असेल तर मेटलच्या पुटनं ते होत नाही, वरचा दुसरा नाहीतर तिसरा रस्ता धरा.

याच मेटलमध्ये अजून एक बारीक गोष्ट आहे. रंग तुम्ही साधा कलर म्हणून दिला तर तो तुमचा समजून ठेवते, पण कलरयूआयरिसोर्स म्हणून दिला तर मेटल समजते की हा चेहऱ्याचाच रंग आहे, मालकाचा नाही, आणि जावा ५ पासूनच्या ओशन थीममध्ये त्याच्या जागी स्वतःचा अनसिलेक्टेडबॅकग्राउंड लावून देते. यूआयमॅनेजर.गेटकलरनं काढलेला रंग तसाच सेटबॅकग्राउंडअ‍ॅटला दिला तर बहुतेक वेळा हेच होते. उपाय सोपा, न्यू कलर(जुना.गेटआरजीबी()) करून द्या.

तिसरी तक्रार डॉकिंगची खरी तक्रार आहे, बाकीच्या कोणत्याही टॅबला होतात. खिडकी ओढून दुसरीकडं लावली की रंग जातो, बंद करून उघडली की जातो, सकाळी सॉफ्टवेअर चालू केलं की कालचा रंग नाही. लोकांना वाटते लायब्ररी खराब आहे. लायब्ररी काही करत नाही हो. सेटबॅकग्राउंडअ‍ॅटनं दिलेला रंग खिडकीला लागतच नाही, तो जेटॅब्डपेनच्या आतल्या त्या पानाच्या नोंदीत जातो. ओढणं म्हणजे आतून काय, इथला टॅब काढला अन तिकडं नवीन घातला. काढला तेव्हा नोंद गेली, नोंदीसोबत रंग गेला. नवीन नोंद कोरी. पोळ्याले आपण शिंगं बैलाची रंगवतो, खुंटा नाही रंगवत, बैल कोणत्याही खुंट्याला बांधा रंग त्याच्यासोबत जाते. इथं सगळेजण खुंटा रंगवून ठेवतात.

तर रंग खिडकीच्या आतल्या कॉम्पोनंटवर ठेवा. जेकॉम्पोनंटला पुटक्लायंटप्रॉपर्टी असते, त्यात "टॅबरंग" नावानं रंग ठेवून द्या, पॅनेल.पुटक्लायंटप्रॉपर्टी("टॅबरंग", पिवळा). मग एकच मेथड लिहा, रंगलाव नाव द्या, ती टॅबपेनमधल्या शून्यापासून गेटटॅबकाउंटपर्यंत फिरते, गेटकॉम्पोनंटअ‍ॅट(आय) घेते, त्याची "टॅबरंग" वाचते, सेटबॅकग्राउंडअ‍ॅट(आय, रंग) करते. रंग नल असला तरी चालते, नल म्हणजे टॅब परत टॅबपेनच्या रंगावर जातो, त्यामुळे वेगळा पुसायचा कोड लिहायची गरज नाही. आणि ही मेथड कुठून बोलवायची तर टॅबपेनला कंटेनरलिसनर लावा, कॉम्पोनंटअ‍ॅडेडमध्ये इन्व्होकलेटर करून बोलवा. ओढून आणलेली खिडकी टॅबपेनमध्ये पडली की लिसनर वाजतो, रंग लागतो. फक्त एक पाहा, डॉकिंगमध्ये ओढता ओढता नवीन टॅबपेन पण तयार होतात, तर लिसनर जिथं टॅबपेन बनतो तिथंच लावा, मेनमध्ये एकदा लावून भागत नाही.

डॉकिंगफ्रेम्स ही तयार डॉकिंग लायब्ररी वापरत असाल, म्हणजे वर म्हटलेली वेगळी केस, तर हे सगळं करायची गरजच नाही, तिथं ही सोय आधीपासून आहे अन कोणी पाहत नाही. एक्लिप्स थीमसारख्या थीममध्ये टॅब लायब्ररी स्वतः काढते, म्हणून तिथं टॅब्डपेनच्या नावाचं पुट कितीही करा, वाया. प्रत्येक सीडॉकेबलजवळ स्वतःचा रंगांचा नकाशा असतो: डॉकेबल.गेटकलर्स().सेटकलर(कलरमॅप.कलर_की_टॅब_बॅकग्राउंड, पिवळा). पण तेवढीच एक की (म्हणजे रंगाचं नाव) देऊन थांबू नका, तिथं साधा, सिलेक्टेड आणि फोकस्ड अशा तीन वेगळ्या की आहेत, तिन्ही द्या, नाहीतर परत तीच रडगाथा, दाबला की रंग जाते. रंग डॉकेबलवर आहे म्हणून ओढल्यावर सोबत जातो. पण सगळ्या थीम सगळ्या की मानतात असं नाही, म्हणून आधी थीम पक्की करा, कंट्रोल.सेटथीम(थीममॅप.की_एक्लिप्स_थीम), मग रंगाचं पाहा.

पूर्ण सॉफ्टवेअरचाच रंग बदलायचा असेल, एका खिडकीचा नाही, तर कंट्रोलरचा कलरमॅनेजर आहे, त्यात प्रायोरिटी.क्लायंट देऊन रंग टाका, क्लायंट थीमच्या वर असते म्हणून थीम बदलली तरी तुमचा रंग राहतो. एक्लिप्स थीममध्ये टॅब वरून खाली उतरत्या रंगाचा असतो, वरचा रंग स्टॅक.टॅब.टॉप, खालचा स्टॅक.टॅब.बॉटम, अक्षराचा स्टॅक.टॅब.टेक्स्ट, कडेचा स्टॅक.टॅब.बॉर्डर. सपाट पाहिजे तर टॉप आणि बॉटमला एकच द्या. प्रत्येकाला मागं डॉट सिलेक्टेड, डॉट सिलेक्टेड.फोकस्ड आणि डॉट सिलेक्टेड.फोकसलॉस्ट लागते. हे शेवटचं फोकसलॉस्ट सगळे विसरतात. टॅब निवडलेला आहे पण पूर्ण विंडोच मागं गेली, समजा दिवाणजींनी व्हॉट्सअ‍ॅप उघडलं, तेव्हा हा रंग लागतो. तो दिला नाही तर व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की टॅबचा रंग बदलतो अन फोन येतो की व्हॉट्सअ‍ॅपनं सॉफ्टवेअर बिघडवलं. हा फोन मला खरंच आलेला आहे.

आणि सकाळी रंग गायब होणं. संध्याकाळी लेआउट फाईलमध्ये सेव्ह होते, राइटएक्सएमएलनं, सकाळी रीडएक्सएमएलनं परत येते. फाईलमध्ये खिडकी कुठं होती ते असते, तिचा रंग नसतो. मल्टिपलवाल्या खिडक्या असतील, म्हणजे प्रत्येक गाडीची वेगळी खिडकी, तर त्या सकाळी फॅक्टरी (खिडक्या बनवणारा कोड) नव्यानं बनवते आणि नवीन ऑब्जेक्टचा नकाशा कोरा असतो. म्हणून रंग बटनाच्या कोडमध्ये ठेवू नका, खिडकीच्या कन्स्ट्रक्टरमध्ये डेटा पाहून ठरवा, गाडी अजून रिकामी तुललेली नाही तर पिवळा. मग फाईल असो नसो, लाईट जाऊन सेव्ह झालं नसलं तरी रंग बरोबर येतो, कारण तो डेटाबेसातून येतो. आपल्याकडं लाईटचा काही भरोसा नाही हे वेगळं सांगायला नको, यूपीएसची बॅटरी पण कोण वेळेवर बदलतो.

चौथी, कवा येते कवा येत नाही. हे ऐकलं की मी काट्याच्याच कोडकडं जातो. काट्याचा इंडिकेटर सिरियल केबलनं वजन पाठवतो, ते वाचायला वेगळा थ्रेड (प्रोग्राममधलं सोबत चालणारं वेगळं काम) असतो, अन वजन आलं की तिथूनच कोणीतरी सेटबॅकग्राउंडअ‍ॅट मारलेलं असते. स्विंगमध्ये स्क्रीनला हात फक्त इव्हेंट डिस्पॅच थ्रेडनं लावायचा, दुसऱ्या थ्रेडनं लावला तर कधी लागते, कधी लागत नाही, कधी अर्धाच टॅब रंगतो, आणि घरी टेस्ट करताना सगळं बरोबर चालते कारण घरी काटा नसतो. त्या ओळीभोवती स्विंगयुटिलिटीज.इन्व्होकलेटर घाला, म्हणजे ते काम इव्हेंट डिस्पॅच थ्रेडकडं जाते. थ्रेड कोणता आहे पाहायचं तर स्विंगयुटिलिटीज.इजइव्हेंटडिस्पॅचथ्रेड() प्रिंट करा, फॉल्स आलं की चोर सापडला. रीपेंट अन रीव्हॅलिडेट चार ठिकाणी टाकून हे बरं होत नाही, फक्त दिसायला कमी होते.

रंग कोणते द्यायचे यावर पण बोललं पाहिजे, कारण कोड बरोबर असून फोन येतात. काट्याची केबिन म्हणजे तीन बाजूनं काच, दुपारचं ऊन सरळ स्क्रीनवर. तिथं फिका पिवळा आणि पांढरा सारखाच दिसतो. जावाचा तयार कलर.यलो डोळ्याला टोचतो, त्यापेक्षा २५५, १९३, ७ असा हळदीसारखा द्या वर काळी अक्षरं, लालसाठी १८३, २८, २८ गडद अन सेटफोरग्राउंडअ‍ॅटनं पांढरी अक्षरं. गडद लालवर काळी अक्षरं ठेवली तर टॅब दिसतो, नाव दिसत नाही. आणि लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसं असतात, स्वतःहून सांगत नाहीत, तर रंगासोबत नावाच्या आधी एखादं चिन्ह लावा, "! पेमेंट" असं, सेटटायटलअ‍ॅटनं.

इतकं करून रंग नाहीच आला तर मला नुसतं "रंग येत नाही" असं पाठवू नका. त्या दोन प्रिंटच्या ओळींचं आउटपुट, जावा -व्हर्जनचं आउटपुट, अन टॅब न दाबता, दाबून आणि दुसरी विंडो समोर आणून असे तीन फोटो पाठवा, मोबाईलनं काढलेले चालतील, फक्त ट्यूबलाइटची चमक त्याच्यावर पडू देऊ नका.